उम्म अल कुवैनचा चकाचक सुरा

उम्म अल कुवैनच्या लतीफभाईंनी मला फसवले. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढे त्यांच्या घरच्या सुरमईचे वर्णन वाचून कोणी विरघळायला नको.

अमेरिकेतली मंडळी घोडागाड्या घेऊन पश्चिमेकडे सरकत होती, त्या काळचे सुरे मी जमवतो. अकरा होते. बारावा लतीफभाईंच्या जुन्या सामानाच्या दुकानात आल्याचा फोन आला. अबू धाबीकडच्या रुवैसहून मायदेशी परतणाऱ्या एका अमेरिकन इंजिनियरने पणजोबांची ही आठवण सोफ्याबरोबर विकून टाकली होती. थोर पणतू!

शुक्रवारी मुलीला घेऊन दुबईहून निघालो. शारजा गेले, अजमान गेले, मग गाडीचा एसीही गेला. उम्म अल कुवैनला खोरच्या (खाडीच्या) काठी लाकडी होड्या वाळूत कलंडल्या होत्या. त्या गावात घाईत असलेला माणूस मी एकटाच.

सुरा पाहिला आणि मुद्दाम तोंड वाकडे केले. हरणाच्या शिंगाची मूठ, पात्यावर काळपट थर, त्यात कारागिराचा पुसट शिक्का. जमवणाऱ्याच्या लेखी सगळी किंमत त्या काळपटपणाला.

"हे गंजकं कोण घेणार?" मी म्हणालो.

"पाचशे दिरहम. म्हणजे दहा-अकरा हजार रुपये, साहेब. रत्नागिरीचा माणूस तुम्हाला लुटेल काय?"

तासाभराने सौदा तीनशेवर पटला. "खलास!" लतीफभाई म्हणाले. पण मी भाजीसुद्धा वर कोथिंबीर घेतल्याशिवाय उचलत नाही. "वर काय देता?"

"आधी जेवा, हबीबी. वर काहीतरी देतोच."

मागच्या घरात भाभींनी सुरमईचे कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या वाढल्या. दुकानात कसलीतरी घरघर चालली होती. मी तिसरी भाकरी मागितली.

हात धुऊन आलो, तर लतीफभाई ग्राइंडरपाशी हसत उभे. हातातला सुरा आरशासारखा लखलखत होता. थर नाही, शिक्का नाही.

"गंजकं म्हणालात ना? घ्या, नवाकोरा! धारेचे पैसे नकोत."

मी काय ओरडलो, ते छापण्यासारखे नाही. परतीच्या वाटेवर मुलगी म्हणाली, "बाबा, यू आस्क्ड फॉर समथिंग फ्री." इंग्रजी शाळेची फी मी भरतो, ती यासाठी!

आता तो सुरा आमच्याकडे कांदे उत्तम चिरतो आणि माझ्या पेटीतला बारावा खण रिकामाच आहे. लतीफभाई, उत्तर द्या. शंभरावर वर्षे जमलेला तो काळा थर तुमच्या ग्राइंडरखाली सांडला आहे. झाडून, पुडीत बांधून, स्वतः आणून द्या. आणि वर काही नको.