आकाशी शर्टातले दाजी

नोकरीवर जीव टाकणारी माणसं पुष्कळ असतात, पण पोरांचा गणवेश स्वतःच्या अंगात चढवून मास्तरकी करणारा माणूस आख्ख्या बीड जिल्ह्यात एकच निघाला आणि तो नेमका माझ्या ताईच्या वाट्याला आला. आमचे दाजी पाटोद्याजवळच्या एका गावात हायस्कूलला गणित शिकवतात. शाळेचा गणवेश आकाशी शर्ट आणि खाकी पँट, म्हणजे दाजींचाही तोच. खिशावर शाळेचा बिल्ला, कमरेला शाळेचा पट्टा. ताईला बघायला आले तेव्हाही ते असेच आले होते. तेव्हा अंगानं इतके किडकिडीत होते की, पाहुण्यांनी शाळेतलं एखादं पोरगं सोबत आणलं असेल, असं समजून आमच्या वडिलांनी त्यांना पोह्यांची बशी देऊन ओसरीवर बसवलं आणि आत येऊन विचारलं, "नवरदेव कवा येणार?"

पुढं दाजींच्या मिशा पांढऱ्या झाल्या, पोट सुटलं, पण कापड बदललं नाही. पाटोद्याचा शिंपी पोरांची मापं घेतो त्याच रांगेत दाजी उभे राहतात. एकदा बीडच्या एस.टी.त माझ्यादेखत कंडक्टरनं त्यांच्या बिल्ल्याकडं बघून विचारलं, "काय बे, पास काढलाय का? कितवीला हायस?" दाजी जराही न हसता म्हणाले, "दहावीला. लई वर्षं झाली, वरच्या वर्गात ढकलंनात." सगळी गाडी हसली. दाजींनी मात्र पूर्ण तिकीट काढलं आणि खिडकीबाहेर बघत बसले. सोमवारी शाळेत नखं तपासतात, तेव्हाही हा माणूस रांगेत उभा राहून आपले दोन्ही हात पुढं करतो. एका सोमवारी सातवीतल्या मॉनिटर पोरीला त्यांची नखं वाढलेली दिसली. तिनं घाबरत घाबरत त्यांना रांगेबाहेर काढलं आणि दाजी परिपाठ संपेपर्यंत खाली मान घालून बाहेर उभे राहिले. घरी आल्यावर ताईकडं नेलकटर मागताना त्यांचा चेहरा खरोखर पडला होता म्हणे.

हे सगळं कशासाठी, हे कोडं मला कित्येक वर्षं सुटत नव्हतं. ताईला विचारलं की ती कपाळावर हात मारायची. दाजींना विचारावं, तर दर वेळी नवं उत्तर. कधी म्हणायचे, "सकाळी काय घालू म्हणून डोक्याला ताप न्हाई." कधी म्हणायचे, "मळलं तर खडूच्या खाली झाकतंय." पटण्यासारखं एकही नाही. त्यात मागच्या एका जूनमध्ये गोष्ट आणखी चमत्कारिक झाली. संस्थेचे अध्यक्ष बदलले. नव्या अध्यक्षांनी आधी शाळेची पाटी बदलली, मग गणवेश. आकाशी गेला आणि तांबड्या चौकटीचा आला. दाजींनी तोही शिवून घेतला, ताईनं धुऊन इस्त्री करून ठेवला, आणि दाजी आपले रोज जुन्या आकाशी शर्टातच शाळेत जाऊ लागले. बरं, वेळ कोणती? मुख्याध्यापक निवृत्त झालेले, नोकरीत सगळ्यांत जुने दाजीच, आणि ताईनं सगळ्या नातेवाइकांना फोन करून आपण मुख्याध्यापकीण होणार असल्याचं कळवूनही टाकलेलं. अध्यक्षांनी दाजींना बोलावून स्पष्ट सांगितलं, "सर, पंधरा ऑगस्टला पुढारी येणार हायेत. त्या दिवशी तुमी सफारी घाला, न्हाईतर नवा गणवेश घाला. आकाशी दिसला न्हाई पायजे. मग खुर्ची तुमचीच."

ताईनं मला बीडहून सफारी घेऊन बोलावलं. दाजी एका बारशाहून परतत होते, ते मला मांजरसुंब्याला भेटले. ढाब्यावर चहा घेताना मी शेवटी चिडूनच म्हणालो, "दाजी, नवा शर्ट घालायला तुमचं काय जातंय?" तेव्हा कुठं त्यांनी सांगितलं. त्यांच्या दहावीच्या वर्गात एक मुलगी होती, मेंढरं राखणाऱ्या घरातली. सगळ्या शाळेत आता तिचा एकटीचाच कुर्ता आकाशी होता. दाजींनी तिला नवं कापड घेऊन देऊ केलं होतं, पण तिचा बाप म्हणाला, "गुरुजी, हा कपडा फाटलाय का? मग चांगला टाकून दुसरा कावून घ्यायचा? पोरीला काय कपडे बदलायला शाळेत घातलंय?" तो बाप दाजींना भारीच आवडलेला दिसला. बशीत चहा ओतत ते म्हणाले, "मेव्हणे, मी बी मेंढरामागूनच शाळेत गेलतो. अंगात मामाचा हिरवा शर्ट, गुडघ्यापर्यंत. सगळी शाळा पांढरी आन् मी एकटाच हिरवा. एकट्याचा रंग येगळा आसला की मान खालीच राहती. आजून एक जरी हिरवा आसता ना, तरी मी वर बघितलं आसतं." मग त्यांनी चहा फुंकून प्यायला. मी सफारीची पिशवी बाकाखाली सरकवली.

पंधरा ऑगस्टच्या सकाळी ताईनं सफारी खाटेवर पसरून ठेवली होती. दाजी अंघोळ करून आत गेले आणि बाहेर आले ते आकाशी शर्टात. ताई चुलीकडं तोंड करून बसली. मैदानावर तांबड्या चौकटींच्या रांगाच रांगा होत्या आणि पार मागं कोपऱ्यात आकाशी रंगातले दोघं, ती पोरगी आणि तिच्या शेजारी दाजी. पुढाऱ्यांची नजर नेमकी तिथंच गेली. माइक चालू असल्याचं त्यांच्या ध्यानात नव्हतं. "अध्यक्ष, ते दोघं येगळ्या कपड्यातले कोन?" असं त्यांनी विचारलं आणि ते सगळ्या गावाला ऐकू आलं. अध्यक्षांना घाम फुटला. सगळ्यांसमोर शाळेची शोभा कशी करून घेणार? ते म्हणाले, "साहेब, ते... ते आजचे मानकरी." "मग मानकऱ्यांना मागं कावून उभं केलंय? पुढं घ्या की!" झालं. ती पोरगी सगळ्या रांगा ओलांडून झेंड्याखाली आली आणि प्रतिज्ञा तिनं सांगितली. पहिल्या ओळीला तिचा आवाज चिरकला, पण नंतर असा खणखणीत लागला की रस्त्यावरचा रिक्षावालाही थांबला. तिच्या मागं उभे राहून दाजी हात पुढं करून, मान ताठ ठेवून प्रतिज्ञा म्हणत होते. माझ्या शेजारी बसलेल्या ताईनं पदर डोळ्यांना लावला. खुर्ची गेली म्हणून की आणखी कशासाठी, ते मी तेव्हा विचारलं नाही.

खुर्ची गेलीच. दुसऱ्याच दिवशी दाजींहून ज्युनियर असलेल्या एका सरांना प्रभारी मुख्याध्यापक केलं गेलं. ताई आठवडाभर दाजींशी फक्त भाजीपुरतं बोलली. फोन करून नातेवाइकांना आता काय सांगायचं, हा तिचा घोर मला समजत होता. ती पोरगी मार्चमध्ये दहावी झाली आणि पुढच्या शिक्षणाला बीडला गेली. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मी तिथंच होतो. दाजींनी तो वर्षभर घडीत पडून राहिलेला तांबड्या चौकटीचा शर्ट घातला, आरशात बघितलं आणि म्हणाले, "मेव्हणे, गळ्याला जरा टोचतंय." दारातून निघालेला हा माणूस मला त्या दिवशी पहिल्यांदाच म्हातारा वाटला.

आकाशी शर्ट दोरीवर वाळत होता. फरशी पुसायला एखादं जुनं फडकं हवं होतं, म्हणून मी तो ओढायला गेलो, तर ताई आतून धावत आली आणि तिनं माझ्या हातातून हिसकावून घेतला. कॉलर दोन्ही हातांनी सरळ करत ती म्हणाली, "राहू दे त्यो. अध्यक्ष काय, आज एक हाय, उद्या दुसरा यील. रंग बदलला आन् कुणी एकटं राहिलं, तर तुझ्या दाजीला लागंल." मग शर्टाची नीट घडी घालून तिनं तो कपाटात, तिच्या चांगल्या लुगड्यांच्या वर ठेवला.