डब्यात गेलेली चकती

मी एका एमआरआय सेंटरच्या काउंटरवर बसते. फोन घ्यायचे, फायली लावायच्या आणि घाबरलेल्या माणसांना "काही दुखत नाही हो, नुसता आवाज होतो" असं दिवसातून वीसेक वेळा सांगायचं, हे माझं काम. आतलं मशीन चालवतो तो आमचा टेक्निशियन. सीडीला तो पहिल्यापासून चकती म्हणतो, म्हणून आम्ही सगळे त्याला चकतीदादा म्हणतो. वय पन्नाशीच्या अलीकडे, बोलणं मोजकं, आणि केस विंचरायचा तर त्याला बहुधा कंटाळाच येत असावा.

हा माणूस माउथऑर्गन फार सुरेख वाजवतो. पण लोकांसमोर नाही. कुणी समोर बसलं की तो माउथऑर्गन खिशात घालतो. त्याच्या मेहुणीच्या लग्नात सगळ्यांनी आग्रह करून त्याला उभं केलं, तर हा पाणी प्यायला म्हणून गेला तो थेट जेवणाच्या पंगतीतच सापडला. त्याची बायको सांगते, "घरातसुद्धा मी स्वयंपाकघरात गेल्याशिवाय हे वाजवत नाहीत."

मग त्याला एक वाट सापडली. जिओकॅशिंग म्हणून एक खेळ आहे. कुणीतरी टेकडीवर, पुलाखाली, झाडाच्या ढोलीत एक डबा लपवून ठेवतं आणि त्याची जागा इंटरनेटवर टाकतं. बाकीचे फोनवर नकाशा बघत तो डबा शोधून काढतात. आत एक छोटी वही असते, तिच्यात सही करायची. डब्यातली एखादी वस्तू घ्यायची आणि तिच्या बदल्यात आपली एखादी ठेवायची. खरं नाव कुणी लिहीत नाही, प्रत्येकाचं एक टोपणनाव. लोक किल्ल्यांच्या साखळ्या ठेवतात, बिल्ले ठेवतात, शिंपले ठेवतात. चकतीदादा ठेवायचा स्वतः वाजवलेल्या गाण्यांची चकती. घरी कपाटाचं दार उघडं टाकून, लटकलेल्या कपड्यांत तोंड खुपसून तो वाजवायचा, म्हणजे आवाज घुमत नाही म्हणे. मग त्याची सीडी करायची आणि तिच्यावर हिरव्या पेनानं एकच शब्द लिहायचा: ऐका. पाच वर्षांत सत्तरएक चकत्या त्यानं अशा ठेवल्या. ऐकून कुणी दोन ओळी कळवल्या असतील, तर शपथ.

चूक एवढीच, की चकत्यांना पाकिटं तो सेंटरची वापरायचा. पांढरी, कोरी, पेशंटच्या सीडीला आम्ही देतो तीच. मी त्याला एकदोनदा टोकलंही होतं. "पाकीटच तर आहे," म्हणाला.

तर एका शनिवारी एक बाई आल्या. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या, उंच, हातात काठी, आणि बोलणं असं की आपण आपोआप सरळ बसावं. त्यांच्या मेंदूच्या आवरणावर एक लहान गाठ होती. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या गावी ती दिसली होती आणि तेव्हा नुसतं लक्ष ठेवायला सांगितलं होतं. आता डोकं दुखायला लागलं म्हणून सर्जननी नवीन एमआरआय करायला पाठवलं होतं. बाईंनी जुनी सीडीही आणली होती. तिच्यावर बारीक अक्षरात फक्त एक नंबर होता. आमच्याकडे ती उघडायची गरज नव्हती. सर्जन जुनं-नवं शेजारी ठेवून बघणार होते. ती पाकिटात घालून फाईलला लावायची, एवढंच चकतीदादाचं काम.

त्यानं पाकिटात घातली. पण टेबलावर शेजारी त्याचं स्वतःचं पाकीटही पडलं होतं, रविवारच्या भटकंतीसाठी आणलेलं. घरी जायच्या घाईत एक उचललं, एक फाईलमध्ये ठेवलं. रविवारी तो गावाबाहेरच्या बंद खाणीवर गेला, दगडांच्या फटीतला डबा काढला, पाकीट ठेवलं, सही केली आणि मजेत घरी आला.

मंगळवारी बाई फाईल घेऊन गेल्या. बुधवारी दुपारी सर्जनच्या दवाखान्यातून फोन आला. मीच घेतला.

"अहो, तुमच्या सेंटरनं काय पाठवलंय हे?" पलीकडून आवाज आला, आणि त्याच्या मागे, देवाशपथ सांगते, माउथऑर्गन वाजत होता.

मी आत जाऊन चकतीदादाला सांगितलं. त्याचा चेहरा पाकिटासारखा पांढरा झाला. "माझी ऐका तिकडे गेली," तो म्हणाला, "म्हणजे त्यांची खाणीवर."

ती जुनी सीडी एकुलती एक होती. जिथे काढली ते सेंटर केव्हाच बंद पडलेलं. आणि सर्जनचं म्हणणं सरळ होतं: जुनं ताडून बघता आलं आणि गाठ वाढलेली नसली, तर चाकू लावायचं कारण नाही. ताडता आलं नाही, तर धोका पत्करायला नको, सोमवारी ऑपरेशन.

चकतीदादानं सेंटर चालवणाऱ्या आमच्या मॅडमना सगळं सांगितलं, पाकिटांसकट. मॅडम म्हणाल्या, "कामावर येऊ नका असं मी म्हणत नाही. पण ती सीडी हातात असल्याशिवाय माझ्यासमोर येऊ नका." तो तिथून थेट बाईंच्या घरी गेला. फोनवर सांगायचं त्याला धाडस होईना, आणि न सांगता शोधत बसणं त्याला बरं वाटेना. पुढचं त्यानंच मला नंतर सांगितलं.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"म्हणजे माझं डोकं सध्या खाणीत आहे?"

"हो बाई."

"डब्यात?"

"हो."

"मग चला. उजेड आहे तोवर जाऊन येऊ."

"बाई, तिथं दगडधोंडे आहेत, तुम्हाला—"

"डोकं माझं आहे. मी येणार."

आणि आल्याच. काठी टेकत, वाटेत तीनदा थांबत, आणि दर वेळी थांबल्यावर समोरच्या दगडाचा रंग नेमका कोणता, ते त्याला सांगत. याचं लक्ष घड्याळाकडे, आणि या म्हणतायत, "याला करडा म्हणू नका, यात जांभळा आहे."

डबा होता. पाकीट नव्हतं. वहीत सोमवारची तारीख आणि खाली ठसठशीत अक्षरात: "सीडी घेतली, बिल्ला ठेवला. आभार. – गोगलगाय."

चकतीदादा तिथंच दगडावर बसला. बाई म्हणाल्या, "रडायचं असेल तर रडून घ्या, पण आधी त्या गोगलगायीला पत्र लिहा." खेळाच्या संकेतस्थळावर निरोप पाठवता येतो. त्यानं लिहिलं. पण पाठवायच्या आधी बाईंनी फोन काढून घेतला आणि त्याची वाक्यं शुद्ध करून स्वतः टाइप केली.

गुरुवार कोरडा गेला. नाव गोगलगाय, त्यामुळे आम्ही काउंटरवर त्यावरून विनोदही करून पाहिले, पण कुणाला हसू येईना. चकतीदादा दर पेशंटनंतर फोन बघत होता. जेवणाचा डबाही त्यानं उघडला नाही. बाईंचा मात्र दुपारी फोन आला, "त्यांना सांगा, मी जेवले. तुम्हीही जेवा म्हणावं."

शुक्रवारी बारा वाजता उत्तर आलं. एक फोननंबर आणि पुढे, "गाडीवर होते, आत्ता बघितलं. फोन करा."

गोगलगाय म्हणजे पाण्याचा टँकर चालवणारी एक बाई निघाली. चाळिशीची, खणखणीत आवाजाची. चकतीदादानं स्पीकर लावला होता, त्यामुळे आम्ही सगळ्यांनीच ऐकलं.

"ती होय? दादा, ती वाजलीच नाही हो. टँकरमध्ये घातली तर नुसती घरघर. मला वाटलं खराब आहे."

"टाकलीत?" चकतीदादानं विचारलं.

"टाकते कशाला? बाल्कनीत टांगलीय. कबुतरांनी जीव नकोसा केलाय. चकाकलं की येत नाहीत ती."

मी कपाळाला हात लावला. एका माणसाच्या डोक्याचे फोटो चार दिवस उन्हात, सुतळीला, कबुतरांसमोर गिरक्या घेत होते.

"ताई, तिला हात लावू नका," चकतीदादा म्हणाला, "मी आलोच."

तो गेला तेव्हा ती दारातच उभी होती. सीडी तिनं खरंच तशीच लटकत ठेवली होती. त्यानं सुतळी कापून ती कडांना धरून उतरवली. एका बाजूला कठड्याला घासून चरे पडलेले, वर धूळ, आणि एका कबुतरानं आपलं मत स्पष्टपणे नोंदवलेलं.

"फार महत्त्वाची होती का?" तिनं विचारलं. त्यानं सांगितल्यावर ती मटकन खुर्चीत बसली. "अरे देवा. वहीत तुमचीच सही होती, म्हणून मला वाटलं तुमचं गाणं बिघडलंय. तुमच्या बाकीच्या दोन छान वाजतात की."

"बाकीच्या?"

"एक पुलाखालच्या डब्यातली, एक पाण्याच्या टाकीजवळची. हिरव्या पेनानं ऐका लिहिलेल्या. सकाळी टँकर भरायला रांगेत दोन दोन तास काढते मी. त्याच लावते. पुढचामागचा ड्रायव्हरपण काच खाली करून ऐकतो. एक तर म्हणतो, हे शेवटचं दुःखी गाणं आधी लावू नकोस, दिवस खराब जातो." ती हसली. "वाजवणारेही तुम्हीच का?"

हा प्रसंग सांगताना चकतीदादा इथे नेहमी थांबतो. त्या क्षणी त्यानं नुसती होकारार्थी मान हलवली.

सेंटरवर आल्यावर त्यानं सीडी कोमट पाण्यानं धुतली आणि मऊ फडक्यानं मधून कडेकडे पुसली, गोल नाही, सरळ. मग कॉम्प्युटरमध्ये घातली. आत घरघर, मग शांत, मग परत घरघर. पडद्यावर आकडा सरकत होता. साठ. एकाहत्तर. एकाहत्तरवर जो अडला तो अडलाच. मॅडमही आपल्या खोलीतून बाहेर येऊन दाराशी उभ्या राहिल्या. त्यानं सीडी काढली, चष्म्याच्या कापडानं पुन्हा एकदा पुसली, परत घातली. या वेळी आकडा एकाहत्तर ओलांडून गेला आणि शंभरावर जाऊन थांबला. पडद्यावर बाईंचं डोकं उघडलं, एकामागून एक काप, स्वच्छ.

"तीन प्रती काढा," मॅडम म्हणाल्या. "आणि उद्यापासून पाकिटं माझ्या कपाटात, कुलुपात." एवढंच. आत जाताना त्यांनी चकतीदादाच्या पाठीवर हलकेच थाप मारली, ते मी बघितलं.

शनिवारी सकाळी सर्जननी दोन्ही चित्रं शेजारी ठेवली. तीन वर्षांत गाठ तसूभरही वाढली नव्हती. डोकेदुखीचं कारण वेगळंच निघालं. बाईंचा चष्म्याचा नंबर बदलला होता.

बाई तिथून रिक्षा करून थेट आमच्याकडे आल्या, काठी काखेत मारून. "नाही वाढली!" दारातूनच म्हणाल्या. वेटिंगमधल्या चार अनोळखी पेशंटनीही टाळ्या वाजवल्या, काय झालं ते माहीत नसताना. चकतीदादा बाहेर आला, बाईंचे दोन्ही हात धरले, आणि काहीतरी बोलायला गेला तर नुसतंच हसू फुटलं. पाच मिनिटं हसत होता तो माणूस. डोळे पुसत हसत होता.

"आता घरी जा," बाई म्हणाल्या, "आणि झोपा. तुमच्याकडे बघवत नाही."

मॅडमनी अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली. तो गेला. रविवारी सकाळी साडेदहाला मला त्याच्या बायकोचा फोन आला.

"अहो ताई, हे काल दुपारी तीनला जे झोपलेत ते अजून उठले नाहीत. हलवलं तर कूस बदलतात आणि घोरतात. काळजीचं काही नाही ना?"

"काही नाही हो वहिनी," मी म्हटलं, "झोपू द्या त्यांना."