आडव्या कुंड्या

आमच्या बागेत इंटर्न म्हणून येणाऱ्या मुलांना पहिल्या आठवड्यात मी तण काढायला बसवते. देशी झाडांच्या रोपवाटिकेत आपण पेरलेलं रोप आणि आपोआप उगवलेलं तण सुरुवातीला सारखंच दिसतं. वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन आलेली मुलंसुद्धा पहिल्या तासाभरात अर्धा ट्रे उपटून ठेवतात. मग आपल्याला फारसं काही येत नाही हे त्यांना कळतं आणि पुढचं वर्ष बरं जातं.

ती मुलगी मात्र ट्रेसमोर मांडी घालून बसली, पण हात लावायला तयार होईना.

"मॅडम, यातलं ठेवायचं कुठलं ते आधी दाखवा. मग उपटते."

"कॉलेजात शिकवलं नाही?"

"कॉलेजात सुकवून कागदावर चिकटवलेलं होतं. तिथे तण नव्हतं."

मी दाखवलं. तिने एकही रोप चुकीचं उपटलं नाही. खरं सांगायचं तर मला थोडा रागच आला.

ती आंबिवलीहून यायची. घरचे मूळचे तिथलेच; शेती होती, त्यावर आता इमारती उभ्या आहेत. बाग कोलशेतच्या बाजूला, म्हणजे तिला रोज दीड तास जायला आणि दीड तास यायला. त्या वर्षी दोनच इंटर्न होते, ही आणि ठाण्याचा एक मुलगा. वर्ष संपल्यावर दोघांपैकी एकाला रोपवाटिकेत कायमची जागा मिळणार होती. तिला ती हवी होती आणि ते ती लपवतही नव्हती. बागेत नोकरी लागली नाही, तर काकांनी डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या लॅबमध्ये शब्द टाकून ठेवला होता. तिकडे जायचं, असं घरात ठरलं होतं. "बाटल्या धुवायच्या आणि रंग बघून लिहायचा," असं ती त्या नोकरीचं वर्णन करायची.

मी तिला कंदीलपुष्पाच्या एका दुर्मिळ जातीच्या कुंड्या सांभाळायला दिल्या. हा एक नाजूक वेल. पावसाळ्यात जमिनीतल्या कंदातून वर येतो, भाद्रपदाच्या आसपास कंदिलासारखी फुलं देतो आणि दिवाळीनंतर वरून पूर्ण मरतो. खाली कंद मात्र जिवंत असतो, पुढच्या जूनपर्यंत झोपलेला. त्या काळात त्याला पाणी मिळालं तर तो कुजतो. आमच्याकडे बत्तीस कुंड्या होत्या. मुरबाडच्या पुढच्या एका उतारावरून मी स्वतः बी आणलं होतं आणि दोन वर्षं वाढवलं होतं. दरम्यान तो उतार रस्त्याच्या कामात कापला गेला. त्या जागेचं जे काही उरलं होतं, ते या बत्तीस कुंड्यांत होतं.

दिवाळीनंतर वेल वाळले. एरवी आम्ही अशा कुंड्या आतल्या शेडमध्ये ठेवतो, पण त्या वर्षी शेड लागवडीच्या रोपांनी भरलेली होती. कुंड्या बाहेरच ठेवाव्या लागणार होत्या. रिकामी दिसणारी कुंडी बाहेर ठेवली की कोणी ना कोणी तिला पाणी घालतंच. दया येते लोकांना.

"पाट्या लावू या," मी म्हटलं.

"मॅडम, पाटी कोण वाचतंय? आडव्या करून ठेवू. आडव्या कुंडीत कोणी पाणी घालत नाही. घातलं तरी राहणार नाही."

मला पटलं. तिने सगळ्या कुंड्या जाळीच्या कडेला आडव्या लावल्या, माती सांडू नये म्हणून तोंडाशी सुकं गवत दाबलं आणि रजिस्टरमध्ये लिहिलं: कुंड्या आडव्या केल्या, पाणी बंद, जूनपर्यंत हात लावू नये. त्याखाली मी सही केली.

जानेवारीत विश्वस्त मंडळ बाग बघायला येणार होतं. आदल्या दिवशी ती रजेवर होती. चुलत बहिणीची हळद होती, आणि त्यांच्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठं काम, दोन दिवस कोणी घराबाहेर पडत नाही. संध्याकाळी मी शेवटची फेरी मारली. सगळं झाडून पुसून चकचकीत, आणि जाळीच्या कडेला बत्तीस कुंड्या लोळलेल्या. वादळ होऊन गेल्यासारखं दिसत होतं. विश्वस्तांतले एक गृहस्थ दर वेळी अव्यवस्थेवर बोलतात, आणि ते बोलतात ते माझ्याकडे बघून.

पाणी घालणाऱ्या मावशी कोलशेत गावातल्याच. त्यांना मी म्हटलं, "मावशी, ह्या कुंड्या उभ्या करा आणि भिजवा. ताज्या दिसू देत."

"बाय, त्या पोरीनी सांगलंय यांना पानी नको."

"एका दिवसाने काय होतंय? उद्या पाहुणे येणार आहेत."

"मना काय, घालते. पन ती वरडंल."

"तिला मी बघते."

मावशींनी पाइप लावला. सकाळी मी पुन्हा एकदा लावायला सांगितला. पाहुणे आले, जाळीजवळ तीन मिनिटंसुद्धा थांबले नाहीत आणि चहाला गेले. ते गेल्यावर माझ्या डोक्यात आलं, की उद्या ती येईल आणि विचारेल. विचारलं तर सांगून टाकायचं, इतकी साधी गोष्ट होती. पण इंटर्नला उत्तर देत बसायची मला सवय नव्हती. मी मावशींना म्हटलं, "होत्या तशा आडव्या करून ठेवा." त्यांनी केल्या. गवतसुद्धा परत दाबलं. दुसऱ्या दिवशी तिने कुंड्यांवरून नजर फिरवली, मान डोलावली आणि दुसऱ्या कामाला लागली.

जूनमध्ये तिने कुंड्या उभ्या करून पाणी सुरू केलं. पंधरा दिवस गेले, महिना गेला, एकही कोंब नाही. ती रोज सकाळी आल्या आल्या बॅग न काढता तिकडे जायची. शेवटी आम्ही एक कुंडी ओतली. कंदाच्या जागी नुसतं साल आणि आत काळा चिखल होता. मग एकेक करत सगळ्या ओतल्या. मावशी शेजारी झारी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि झारी भरायला निघून गेल्या. त्यांच्या कामाच्या दिवसांचा तक्ता मीच लावते. त्या बोलणार नव्हत्या, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

बागेच्या संचालकांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं.

"आडव्या ठेवायची कल्पना कोणाची?"

"माझी, सर," ती लगेच म्हणाली.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रजिस्टर माझ्या मांडीवर होतं, त्या पानावरच्या माझ्या सहीसकट. मी म्हटलं, "पद्धत नवीन होती. आधी दोन-चार कुंड्यांवर करून पाहायला हवी होती."

यातला प्रत्येक शब्द खरा होता. तो बोलताना मला काही जड गेलं नाही, हे इथे लिहून ठेवते. जड नंतर गेलं, आणि त्याचा कोणाला उपयोग नव्हता.

तिच्या मूल्यमापनाच्या कागदावर मी लिहिलं: मेहनती आहे, पण देखरेखीची गरज आहे. जागा ठाण्याच्या मुलाला मिळाली. त्याचं काम चांगलं आहे, त्याच्याविषयी माझी काही तक्रार नाही. ती शेवटच्या दिवशी सगळ्यांना पेढे देऊन गेली आणि जाताना माझ्याकडे बागेतली थोडी माती मागितली. मी पिशवी भरून दिली. कशाला हवी, ते विचारलं नाही.

त्यानंतर दोन वर्षं मी रोपवाटिका नेहमीसारखी चालवली. नवीन इंटर्न आले, त्यांनी तण समजून रोपं उपटली, मी रागावले. कुंड्या आडव्या ठेवायची पद्धत आम्ही बंद केली. कोणी विचारलं तर मी सांगायचे, "एकदा करून पाहिलंय, कंद कुजतात." हे मी किती वेळा सांगितलं, ते मोजलेलं नाही.

यंदा जुलैत तिचा मेसेज आला. गॅलरीतल्या नऊ कुंड्यांचा फोटो होता, नऊंतही कोंब. खाली लिहिलं होतं: मॅडम, माझं काय चुकलं ते सापडत नाहीये. एकदा येऊन बघाल का?

रविवारी मी आंबिवलीला गेले. दार तिच्या आईने उघडलं.

"या या. ही बघा तुमची बाग. कपरं वालत घालायला जागा नाय ठेवली पोरीनी. तुमीच सांगा काय ते, आमचं नाय ऐकत."

"आई, चहा टाक ना."

"टाकते. मॅडम, साखर चालंल ना? का तुमचं पन पानी बंद?"

आई हसत आत गेली. मी गॅलरीत उभी राहिले. तिने कंपनीतून आल्यावर लिहिलेली वही दाखवली. आता ती त्या लॅबमध्येच होती. कंद दुर्मिळ जातीचे नव्हते, साध्या कंदीलपुष्पाचे, मामाच्या बांधावरून त्याला विचारून आणलेले.

"ह्या पहिल्या तीन आडव्या ठेवल्या होत्या, आपण ठेवल्या तशाच. मधल्या तीन उभ्या, पण कोरड्या. शेवटच्या तीन आडव्या, बागेच्या मातीत. मला वाटलेलं मातीतच बुरशी असेल. पण नाही. मागच्या वर्षी सगळे आले, मला वाटलं योगायोग. यंदा पण सगळे आले." तिने वही मिटली. "मग तिकडेच का कुजले? तुम्ही इतकी वर्षं करताय. माझं नेमकं काय चुकलं ते सांगा, म्हणजे परत नाही करणार."

परत म्हणजे कुठे, ते मी विचारलं नाही.

मी उभ्या उभ्या सांगितलं. विश्वस्त येणार होते, तू हळदीला गेली होतीस, मी मावशींना पाणी घालायला लावलं, आणि तुला कळू नये म्हणून कुंड्या परत आडव्या करायला लावल्या. चार वाक्यांत झालं. इतक्या वर्षांत ते चार वाक्यांचंच होतं.

ती रडेल किंवा ओरडेल असं मला वाटलं होतं. तिने वही उघडली.

"पाणी किती?"

"अं?"

"झारीने का पाइपने?"

"पाइपने. संध्याकाळी एकदा, सकाळी एकदा."

"आणि ओल्याच आडव्या केल्या."

"हो."

"म्हणजे खालच्या भोकातून निथळलंच नाही." ती लिहीत होती. "उभ्याच राहू दिल्या असत्या ना मॅडम, तर निदान निम्मे वाचले असते."

हे मला तोवर सुचलंच नव्हतं. माझ्या हिशेबात पाणी ही चूक होती आणि लपवणं हा नंतरचा कमीपणा. कंद लपवण्याने मेले होते.

आई चहा घेऊन आली, दोघींकडे पाहिलं, कप कठड्यावर ठेवले आणि आत गेली.

"मावशींना माहीत होतं?" तिने विचारलं.

"हो."

"सरांना?"

"नाही."

"मग आधी त्यांना सांगा. मला सांगून काय? तुम्ही लिहिलेलं वाचून त्यांनीच मला जागेवर घेतलं नव्हतं."

सोमवारी मी संचालकांना सांगितलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "आता जुनं कशाला काढताय? जागा भरलेली आहे. तुम्हाला रिटायर व्हायला किती वर्षं राहिली?" मी म्हटलं, मला ते लेखी द्यायचंय, फाईलला लावायचंय, आणि तिला अनुभवाचं नवीन प्रमाणपत्र द्यायचंय. त्यांनी हात हलवून, करा काय करायचं ते, म्हटलं.

मी पत्र लिहिलं. घडलं ते सगळं लिहिलं, देखरेखीबद्दलचा शेरा मागे घेतला, तिची पद्धत योग्य होती असं स्पष्ट लिहिलं, आणि सही-शिक्का झाल्यावर फोटो काढून तिला पाठवला. संध्याकाळी उत्तर आलं.

"मॅडम, पत्र मिळालं. तिसऱ्या ओळीत 'अनवधानाने' लिहिलंय. पाणी घातलं ते तसं असेल. परत आडव्या केल्या ते तसं नव्हतं ना?"

मी पत्र पुन्हा काढून वाचलं. तो शब्द मी कधी घातला ते मला आठवत नव्हतं, पण तो होता, आणि दोन्ही गोष्टींना मिळून लागू पडेल अशा बेताने बसवलेला होता.

दुसऱ्या दिवशी ते वाक्य बदललं. पाणी घालायला सांगितलं. नंतर ही गोष्ट इंटर्नपासून लपवण्यासाठी कुंड्या पुन्हा आडव्या करायला लावल्या. नवीन कागदावर छापून घेतलं आणि शिक्क्यासाठी परत संचालकांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी दोन्ही पत्रं शेजारी ठेवून पाहिली.

"तेच तर आहे. एवढ्यासाठी पुन्हा?"

"हो."

"हे फाईलला लागलं की राहील बरं का. पहिलं बरं होतं तुमच्या दृष्टीने."

"माहीत आहे," मी म्हटलं आणि शिक्का त्यांच्या हाताजवळ सरकवला.