खोड लपवायची न्हाई

प्रशिक्षणातून पुस्तिका घेऊन आले आणि दुसऱ्याच दिवशी मी आठवीच्या वर्गावर तुटून पडले. पुस्तिकेत दिलं होतं, मनात वाईट विचार आला की तो वहीत डावीकडे लिहायचा आणि उजवीकडे तोच बदलून चांगला करून लिहायचा. झालं! उजवीकडे सगळ्यांचंच एक, 'मी लई हुशार हाय'. मीपण खुशीत बरोबरच्या खुणा करत सुटले.

एकीची उजवी बाजू मात्र कोरी. शेवटच्या बाकावरची, अबोल पोर. डावीकडे लिहिलेलं, 'मला गणित येत नाही, शिष्यवृत्तीला बसून काय उपयोग?' फॉर्मची मुदत दोन दिवसांवर आली होती, आणि ही बसायलाच हवी होती मला. भाषेत तिचा हात धरणारं वर्गात कुणी नव्हतं.

"अगं, लिही की, मला गणित येतं!"

"खोटं कसं लिहू, बाई?"

माझं डोकंच सटकलं. "पुस्तिकेत तसंच दिलंय!" वर्ग खिदळला. ती मात्र बोलती झाली.

"आमचे पप्पा घोडेगावच्या बाजारात गाय नेत्यात, तवा गिऱ्हाईक आधी खोडच काढतं. लाथ मारती म्हनतं. पप्पा 'न्हाई मारत' म्हनत न्हाईत, लगेच उघडे पडतील की. ते म्हनत्यात, अनोळखी मानसाला मारती, घरच्याला न्हाई. थांबा, समोर धार काढून दाखवतो."

प्रशिक्षणात एवढं सोपं कुणी सांगितलं नव्हतं. शप्पथ, लाजच वाटली. फळा पुसून म्हटलं, "चला, बाजार मांडा. खोड लपवायची न्हाई, पण आहे तेवढीच सांगायची."

काय रंगला तो तास! 'माझं अक्षर घाण'चं झालं 'घाईत घाण, निवांत बरं'. 'मला कुणी खेळायला घेत नाही'चं झालं 'कबड्डीत घेत न्हाईत, खो-खोत घेत्यात'. तिनं बराच वेळ लिहिलं, खोडलं आणि वही झाकून घरी नेली.

मुदतीच्या दिवशी मधली सुट्टी झाली तरी ती माझ्याकडे फिरकली नाही. माझा जीव खालीवर. शाळा सुटताना आली आणि वही पुढं केली. उजवीकडे लिहिलं होतं, 'अपूर्णांक येत नाहीत. बाकीचं येतं.' पानात घडी घातलेला फॉर्म, त्यावर पप्पांची सही. मी तो लगेच बाकीच्या फॉर्मांच्या गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवला.

"बाई," ती म्हणाली, "अपूर्णांक कवापासून शिकवताय?"