पलीकडच्या अगाशीवरची कलिंगडं

आई गेल्यावर बाबा माझ्याकडे, समा भागातल्या आमच्या घरी राहायला आले. कोयलीच्या रिफायनरीत जन्मभर शिफ्ट केलेला माणूस. लहानपणी मी त्यांना बहुतेक वेळा दिवसा झोपलेलंच पाहिलंय. आता ते दिवसभर घरात होते, पण बोलणं तेवढंच. "चहा झाला?" "पेपर आला?" माझा नवरा म्हणायचा, स्वभाव आहे त्यांचा. मीही तसंच मानून बसले होते.

मग पलीकडच्या भाभींनी कलिंगड लावलं. त्यांची आणि आमची अगाशी लागूनच, मध्ये कमरेएवढी भिंत. भाभी गुजराती, माझ्याच वयाच्या. कापलेल्या निळ्या पिंपात त्यांनी वेल लावला होता आणि जाळी बांधून वर चढवला होता. फेब्रुवारी संपता संपता एका सकाळी मी कपडे वाळत घालत होते, बाबा कोवळ्या उन्हात बसले होते, तेव्हा त्या भिंतीपलीकडून म्हणाल्या, "काका, जुओ ने, फूल आवे छे ने खरी जाय छे." फुलं येत होती आणि गळून जात होती.

बाबांचं लहानपण तापीकाठी गेलेलं. तिथे वाळूत कलिंगडांच्या वाड्या असायच्या, हेसुद्धा मला आईनं सांगितलेलं. ते उठून भिंतीपाशी गेले आणि गुजरातीतून समजावू लागले. ज्या फुलामागे बारीक गोळी दिसते ती मादी. नर फूल तोडून तिच्यावर हलकेच फिरवायचं, तेही ऊन चढायच्या आत. एवढं बोलून, मीच करून देतो म्हणाले, "हुं करी आपीश, दीकरी."

दीकरी म्हणजे लेक. मला ते 'अगं' म्हणतात.

तेव्हापासून बाबा रोज सकाळी तिकडे. मी खाली डबे भरायची आणि वरून त्यांचं हसणं ऐकू यायचं. बाबा असे मोकळे हसतात हे मला पन्नाशीच्या उंबरठ्यावर कळलं. कामाला जाताना मकरपुऱ्यापर्यंत स्कूटरवर तेच डोक्यात असायचं. संध्याकाळी विचारलं की म्हणायचे, "तीन तरबूच धरलेत." आमच्या घरात कलिंगडाला तरबूच कधी कुणी म्हटलं नव्हतं.

हट्टानं मीही बी आणून एका पिशवीत लावलं. वेल हातभर झाला तेव्हा त्यांना बोलावलं. "बाबा, बघा ना." त्यांनी उभ्या उभ्या पाहिलं. "उशीर झाला. आणि पाणी फार घालतेस." एवढंच म्हणून गेले.

होळीला भाभी दोन दिवस गावी गेल्या. किल्ली मला दिली. म्हणाल्या, "काकांना जिना चढउतर नको, पाणी तुम्हीच घाला." काकांचे गुडघे दुखतात हे त्यांना माहीत होतं. मला नव्हतं.

मी पाणी घातलं. भाभींच्या जुन्या ओढणीच्या झोळीत सगळ्यात मोठं कलिंगड होतं, पेरूएवढं, अंगावर मऊ लव असलेलं. मी ते धरलं आणि पिळून तोडलं. विचार केला नाही असं म्हणणार नाही, केला होता. घरी येऊन ते कचऱ्याच्या डब्यात चहाच्या चोथ्याखाली दाबलं.

आमच्याकडे कचरा बाबाच बाहेर ठेवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ते डबा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात थांबले.

"एवढं कोवळं तोडलंस?"

मी कणीक मळत राहिले. मग म्हटलं, "तिला दीकरी म्हणता. माझ्या वेलाकडे दोन मिनिटं थांबला नाहीत."

त्यांनी डबा खाली ठेवला. "तिला काही येत नाही गं," ते म्हणाले. "तुला लहानपणापासून सगळं येतं. तुला काय सांगायचं, हेच मला कधी सुचलं नाही."

त्यावर मी रडले नाही. मला उलट रागच आला. काही येत नसतं तर बरं झालं असतं, असंही वाटून गेलं.

भाभी परतल्या तेव्हा मी मुद्दाम कपड्यांआड थांबून ऐकलं. बाबा सांगत होते, "देठ कच्चा होता, गळून पडलं. माझ्याकडूनच झोळी नीट बांधली गेली नव्हती." भाभी लगेच म्हणाल्या, "कांई वांधो नहीं, काका." बाबा माझ्यासाठी खोटं बोलले याचं बरं वाटायला हवं होतं. वाटलंही, पण भाभींनी किती सहज माफ केलं, तेच मनात जास्त राहिलं.

पुढे बाबा रोज पाच मिनिटं माझ्या पिशवीपाशी बसू लागले. एकदा मादी फूल आलं, तेव्हा त्यांनी माझा हात धरून नर फूल त्यावर फिरवलं. फळ काही धरलं नाही. एप्रिलच्या उन्हात वेल वाळला.

भाभींची उरलेली दोन्ही पिकली. अर्धं कापून त्या स्वतः घेऊन आल्या, पहिली फोड बाबांना दिली, दुसरी मला. तोंडात घालेपर्यंत ते फिकं निघावं असं मला वाटत होतं. चांगलंच गोड होतं. मी आणखी एक फोड मागून घेतली. झोळीतलं ते कोवळं कलिंगड कुणी तोडलं, हे भाभींना मी आजवर सांगितलेलं नाही.