पहिला मासा माईचा
नव्या जाळ्याचा वास आला की ती सकाळ आठवते. शिरवळला कंपनीत असताना खोलीवर काचेच्या टाकीत मी मगरीसारख्या तोंडाचा, वीतभर विलायती मगरमासा पाळला होता. तो वाढून टाकीत मावेना आणि मारायला हात धजेना, म्हणून सुट्टीला येताना त्याला सांगलीकडच्या आमच्या गावच्या डोहात सोडलं. चार वर्षांनी वडिलांनी नवं जाळं टाकलं, तर पहिल्याच ओढीला मांडीएवढा जाड मासा वर आला. टाकीच्या काचेवर घासून वाकडा झालेला तो जबडा मी लगेच ओळखला. "कुठनं आला आसंल रं ह्यो?" वडिलांनी विचारलं. "माईला ठावं," मी म्हणालो. आमच्यात नव्या जाळ्याचा पहिला मासा कृष्णामाईला परत देतात. "आवं आबा, ह्येला नगा सोडू, बाकीचं मासं खाईल," एवढंच माझ्या तोंडून निघालं. "पयला मासा माईचा," म्हणत त्यांनी त्याच्या पाठीवर हळदकुंकू वाहिलं आणि दोन्ही हातांनी त्याला पाण्यात सोडलं. पायांखालचा चिखल गार लागत होता. आज पुन्हा नवं जाळं घेऊन आम्ही दोघं डोहावर गेलो. तीनदा टाकलं, तिन्ही वेळा नुसता पाला आला. "मासं कुठं गेलं रं सगळं?" वडिलांनी विचारलं. "माईला ठावं," मी म्हणालो आणि जाळ्यातला पाला काढत बसलो.