तीस चिंध्या

सुरीमावशीला कुणी शहाणपण शिकवायला गेलं, की ती आधी सगळं ऐकून घ्यायची आणि मग त्याची बिनपाण्याने हजामत करायची. कोंबड्यांच्या कारखान्यात अठरा वर्षं ती एकाच जागी उभी होती. वर साखळी फिरायची, साखळीच्या आकड्यांना कोंबड्या उलट्या टांगलेल्या. आधी मशीनचं पातं माना कापायचं, पात्याकडून सुटलेली मान मावशी कापायची. पुढे कढत पाण्याची टाकी. मावशीकडून सुटलेली कोंबडी जिवंतच टाकीत जायची आणि बाहेर निघायची ती लालभडक. म्हणून कामावर मावशी कुणाशी बोलायची नाही, शिंक आली तरी दाबायची. "मरायचंच आहे तर नीट मरू दे बिचारीला," एवढंच तिचं म्हणणं.

यंदा मॅनेजरसाहेबांनी साखळीचा वेग वाढवला आणि लाल कोंबड्या रोज निघायला लागल्या. साहेबांनी नामी उपाय काढला. लाल दिसली की टाका पिसांच्या पिंपात, वर चार ओंजळी पिसं. मावशीने दोनदा सांगून पाहिलं, वेग कमी करा. साहेब म्हणाले, "मावशी, वय झालं तुमचं."

मग सरकारी तपासणी आली. तपासायला आलेली जनावरांची डॉक्टरीणबाई दिसायला पोरगेली, पण भलती खमकी. सगळे नाक धरून उभे होते त्या पिंपात तिने कोपरापर्यंत हात घातला आणि सात लाल कोंबड्या काढून फरशीवर ओळीने मांडल्या. साहेबांचं ततपप झालं. आठ दिवसांनी येते, लेखी खुलासा तयार ठेवा, असं सांगून ती गेली.

खुलासा तयार झाला आणि खापर फुटलं मावशीच्या डोक्यावर. सहीसाठी दिलेला कागद तिने घरी आणला. सुनेने तो तिच्या हातातून घेऊन मोठ्याने वाचला, "माझ्या हलगर्जीपणामुळे हा प्रकार घडला."

"आई, सही केलीत तर झाडू मारायला लावतील. नाही केलीत तर घरीच बसवतील. करून टाका की."

"हलगर्जीपणा म्हणजे लक्ष नव्हतं, असंच ना?"

"तसंच."

"मग नाही करत."

मावशीला भयंकर संताप आला होता. अठरा वर्षं तिने त्या कारखान्याला लक्षाशिवाय दुसरं काय दिलं होतं? तिने जुनी चादर काढली आणि टराटरा फाडून तीस चिंध्या केल्या.

आठव्या दिवशी सकाळी, कोंबड्या टांगायच्या आधी, मावशीने चिंध्यांची पिशवी डॉक्टरीणबाईच्या हातात दिली. "साखळी रिकामी आहे. तुम्हाला वाटेल त्या आकड्यांना या बांधा. चिंधी म्हणजे पात्याकडून सुटलेली कोंबडी. रोजच्या वेगाने साखळी सोडा आणि साहेबांना माझ्या जागी उभं करा. प्रत्येक चिंधीवर खडूची रेघ मारायची, बस."

साहेब हसले. पण डॉक्टरीणबाई हसली नाही, तेव्हा त्यांना खडू घ्यावा लागला. साखळी सुटली. साहेब पुढची चिंधी बघेपर्यंत मागची टाकीवर पोचलेली असायची. तीसपैकी नऊवर रेघ.

मग चिंध्या झटकून पुन्हा बांधल्या आणि मावशी उभी राहिली. सव्वीस.

साहेबांना धीर आला. "बघा डॉक्टर, लक्ष दिलं की होतं. शाबास, मावशी."

"शाबासकी ठेवा तुमच्याजवळ," मावशी म्हणाली. "चार राहिल्या. सकाळची वेळ आहे, मी दमलेले नाही, पंख फडफडत नाहीयेत, तरी माझ्याकडून चार राहिल्या. त्या चारजणी जिवंत उकळल्या असत्या."

डॉक्टरीणबाईने वेग उतरवायला लावला. अठ्ठावीस. आणखी उतरवला. तीस. त्या खुणेवर तिने वेगाच्या चाकाला सील ठोकलं.

"या वेगाने संध्याकाळ होईल," साहेब पुटपुटले.

"होऊ दे," मावशी म्हणाली आणि तिने आपल्याजवळचा खुलाशाचा कागद काढला. 'माझ्या हलगर्जीपणामुळे' यावर आडवी काट मारली, वर ठसठशीत अक्षरात लिहिलं 'साखळीच्या वेगामुळे', आणि खाली पूर्ण नावाने सही केली.

साहेबांनी आवाज खाली आणला. "उद्यापासून कामावर येताय का, ते बघू."

डॉक्टरीणबाईने मान वर केली नाही, ती लिहीत होती. "सील रोज सकाळी कामगारांपैकी कुणीतरी बघून नोंद करायची असते. यांचं नाव लिहिलंय मी. नाव बदलायचं झालं तर कारण मला लेखी लागेल."

दुसऱ्या दिवशी सातला मावशी हजर. आधी सील बघितलं, मग सुरी उचलली. साखळी सुरू झाली आणि थोड्या वेळाने तिला शिंक आली. अठरा वर्षांत पहिल्यांदा तिने ती दाबली नाही. चांगली दणकून शिंकली, नाक पुसलं, आणि पात्याकडून सुटलेली मान समोर आली तेव्हा सुरी तयार होती.